तुशीचा जुना दोरा

डबा बांधून झाला की मी तो कानाशी धरते आणि हलवते. आत काही खुळखुळलं तर परत उघडायचा. नाही खुळखुळलं तर कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडायचा आणि पुन्हा कानाशी धरायचा. बेळगावातून निघालेली तुशी गुवाहाटीला पोचेपर्यंत किती हातांतून जाते, त्यातले किती हात तिला ठेवतात आणि किती फेकतात, हे मला दिसत नाही. म्हणून आधी मीच फेकून बघते. वडिलांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "एवढं शिकीवलं ते डबं आपटायला व्हय गं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. येळ्ळूरच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. वाटताना मला बरोबर नेलं, कारण 'बी.कॉम.' हा शब्द तिच्या तोंडात नीट बसत नव्हता आणि तो चुकीचा सांगितला जाऊ नये अशी तिची इच्छा होती. मी बँकेत लागणार असं सगळ्यांनी धरलं होतं, मीसुद्धा. लागले नाही. लग्न होऊन बेळगावच्या वडगावात विणकरांच्या घरी आले आणि आज या अंकासाठी लिहायला बसले आहे ती डबे बांधणारी बाई म्हणून. मला त्याची लाज नाही. डबे मी चांगले बांधते.

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते, मीही म्हणते. सासरी माग असले तरी आक्कांचं माहेर निपाणीचं आणि माहेरचं काम पटवेकऱ्याचं. हे काम आता फार जणांना माहीत नाही, म्हणून सांगते. मणी घडवतो तो सोनार. पण त्या मण्यांचा दागिना होतो पटवेकऱ्याच्या हातात. रेशमाला मेण लावायचं, मणी ओवायचे, ओळीला ओळ घट्ट बसवायची, मागं गोंडा बांधायचा. तुशी गळ्याला टोचत नाही, मानेवर वळते, ती या दोऱ्यामुळं. आक्का हे सगळं लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून शिकल्या. लग्नानंतर वर्षानुवर्षं शेजारपाजारच्या बायकांची तुटलेली डोरली गाठवून, म्हणजे नव्या दोऱ्यात ओवून, देण्यापलीकडं त्याचा उपयोग नव्हता. मी त्यांनी केलेल्या एका तुशीचा फोटो मोबाईलवरून चार ठिकाणी पाठवला, तिथून हा उद्योग सुरू झाला. ओवणार आक्का. फोटो काढणार, विकणार, बांधणार आणि कुरियरवाल्याशी कन्नडमध्ये भांडणार मी. सोनं आम्ही घेत नाही, ते सांभाळायची आमची ऐपत नाही. चांदी, पितळ, मोती एवढंच.

बांधायचं काम बाहेरून सोपं वाटतं. दागिना पुठ्ठ्यावर चार ठिकाणी टाका घालून धरायचा. मोकळा ठेवला की मणी मण्याला घासतो आणि पॉलिश जातं. चांदीला वर्तमानपत्र लावायचं नाही, ती काळी पडते. गोंडा दुमडायचा नाही, नाहीतर गिऱ्हाईक डबा उघडतं तेव्हा तो झोपेतून उठल्यासारखा दिसतो. पत्ता दोनदा लिहायचा, एकदा बाहेर आणि एकदा आत, कारण बाहेरची चिठ्ठी भिजते.

आणि गिऱ्हाइकं! एका माणसानं बायकोला न सांगता तुशी मागवली. मी गळ्याचं माप विचारलं, तर त्यानं बुटाच्या नाडीचा फोटो पाठवला. बायको झोपली असताना तिच्या गळ्याभोवती नाडी धरून माप घेतलं म्हणे. मी म्हटलं, "दादा, जागी झाली असती तर?" तो म्हणाला, "म्हणून तर घाईत घेतलंय, एक बोट जास्तच धरा." दुसऱ्या एका बाईंनी चिंचपेटी परत पाठवली, "घातलीच नाही, आवडली नाही" म्हणून. डबा उघडला तर अत्तराचा वास आणि गोंड्यात अडकलेल्या तीन अक्षता. आक्कांनी त्या वेचून तळहातावर घेतल्या आणि म्हणाल्या, "लगीन तर नीट लागलं न्हवं, जाऊ दे." चिंचपेटी परत घेतली.

डब्यात दागिन्याच्या भोवती भरायला लोक फुग्याफुग्यांचा प्लास्टिक कागद वापरतात. आम्ही वापरत नाही. आमच्या यांच्या मागाखाली रोज तुटक्या सुतांचा ढीग पडतो. लाल, जांभळा, मोरपंखी, मधेच जरीचा तुकडा. ती सुतं एका बुट्टीत गोळा करायची आणि मूठ मूठ डब्यात भरायची, ही कल्पना माझी. गिऱ्हाइकांना फार आवडली. दागिन्याआधी सुतांचेच फोटो यायला लागले. एका बाईंनी लिहिलं, "डबा उघडला आणि रंगपंचमी झाली." मी ते वाक्य आक्कांना वाचून दाखवलं, यांना दाखवलं, येळ्ळूरला फोन करून वडिलांनाही वाचून दाखवलं.

आक्कांची एक रीत मात्र मी मोडली होती. जुना दागिना गाठवायला आला की पटवेकरी गाठवलेल्या दागिन्याबरोबर जुना दोरा मालकाला परत देतो. त्यांच्या वडिलांनी ही रीत कधी चुकवली नाही. दोऱ्याची लांबी बघून मालकाला कळतं की मणी कमी झालेले नाहीत. पण ते झालं समोर बसून काम करताना. आम्ही परगावाहून आलेले दागिने गाठवून पाठवायला लागलो तेव्हा मी आक्कांना म्हटलं, "तो मळका दोरा डब्यात कशाला? बाई डबा उघडणार आणि पहिल्यांदा ते काळं गांडुळ बघणार?" आक्का म्हणाल्या, "गळ्यातला दोरा हाय गं, गांडुळ न्हवं." पण ऐकलं माझं. त्या दोरा कागदात गुंडाळून माझ्याकडं द्यायच्या, आणि मी तो टाकायची.

कऱ्हाडच्या मीनल मॅडम शिक्षिका. त्यांनी त्यांच्या आईची चांदीची तुशी गाठवायला पाठवली. पाठवताना मोबाईलवर आवाजात निरोप ठेवला, चांगला चार मिनिटांचा. मी पहिलं मिनिट ऐकलं. आई वारली, तिची तुशी आहे, पॉलिश गेलंय, दोरा कुजलाय, नीट गाठवून द्या. मला वाटलं, कळलं सगळं. रोज असे दहा निरोप येतात. दागिन्याची गोष्ट सांगताना बायका थांबत नाहीत, आणि मला वाटायचं, पुढचं काय असणार ते मला न ऐकताच ठाऊक आहे. शिकलेल्या माणसाला ही खोड लवकर लागते.

तुशी फार सुंदर झाली. आक्कांनी रिठ्याच्या पाण्यात मणी धुतले, पॉलिश करून आणले, लाल रेशमात ओवले. मी डबा बांधला, कानाशी धरला, आपटला, पाठवला. चार दिवसांनी मीनल मॅडमचा फोन.

"तुशी मिळाली. खूप छान केलीय. आक्कांना सांगा." मग म्हणाल्या, "जुना दोरा पाठवलाय का वेगळा? डब्यात दिसला नाही."

"जुना दोरा?"

"मी निरोपात सांगितलं होतं. आईनं एकदा तुटल्यावर स्वतःच गाठ मारली होती, साडीच्या काठातला लाल धागा काढून. तो दोरा मला हवा होता. कितीही मळका असला तरी टाकू नका, असं म्हटलं होतं मी."

मी काहीतरी बोलले. बघते, शोधते, असं. त्या म्हणाल्या, "नसेल तर... बरं, राहू दे." आणि फोन ठेवला. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते मला येतं.

मग मी बसून तो निरोप शेवटपर्यंत ऐकला. तिसऱ्या मिनिटाला सगळं होतं. लाल गाठ, साडीचा काठ, टाकू नका. चौथ्या मिनिटाला त्या म्हणत होत्या, "तुशी धुतली तर आईचा वास जाईल, ते मला माहितेय. पण दोऱ्यात राहील थोडा."

आक्का शेजारीच मणी निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं टाकलास?"

तो मी कचऱ्यात टाकला नव्हता. त्या दिवशी घाई होती. कागद उलगडून दोरा सुतांच्या बुट्टीत टाकला होता. आणि बुट्टीतली सुतं मूठ मूठ करून डब्यांत गेली होती.

म्हणजे मीनल मॅडमच्या आईचा दोरा कुणाच्या तरी दागिन्याभोवती बसून कुठंतरी गेला होता.

वही काढली. त्या दोन दिवसांत सात डबे गेले होते. एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. फोनवर काय बोलायचं, हेच आधी कळेना. 'नमस्कार, तुमच्या कचऱ्यात बघता का?' असं कसं विचारणार? पुण्याच्या एका गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा नवीन फ्रॉड दिसतोय. ओटीपी देणार नाही मी." मडगावच्या बाईंनी सुतं टाकलीच नव्हती, मुलीच्या शाळेतल्या चित्रासाठी ठेवली होती. त्यांनी ती पेपरवर पसरली, रंगाप्रमाणे ढीग केले आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं, "काळा नाही. पण सापडेल हो, नक्की सापडेल." एका बाईंची कचऱ्याची गाडी तासाभरापूर्वीच गेली होती. त्या चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत पळत गेल्या, गाडी थांबवली, आणि पुन्हा फोन करून म्हणाल्या, "न्हाय सापडला ताई, लई शोधलं." मी त्यांना कधीच बघितलेलं नाही. माझ्या चुकीसाठी ती बाई कचऱ्याच्या गाडीमागं पळाली होती.

पाचवा फोन बोरगावला, निपाणीच्या पुढं. तिथल्या संदीप पाटलांनी बायकोसाठी तुशी मागवली होती. मुलगा झाला होता, बारशाला घालायला. त्यांना दोऱ्याचं विचारलं.

"काळा दोरा? लाल गाठ असलेला?" ते म्हणाले. "हाय की! लई गुणाचा दोरा पाठवला तुमी. आई तर रोज नाव काढती तुमचं."

"आहे? कुठाय?"

"पोराच्या पायात."

झालं होतं ते असं. डबा उघडल्यावर संदीप यांच्या आईंना रंगीत सुतांत तो एकच काळा रेशमी दोरा दिसला, मधे लाल गाठ मारलेला. घरात तान्हं मूल. त्यांना वाटलं, दुकानवाल्यांनी बारशाचा डबा म्हणून दृष्टीचा दोरा आठवणीनं घातलाय. त्यांनी तो धुतला आणि नातवाच्या डाव्या पायात बांधला.

दुसऱ्या दिवशी मी आणि आक्का निपाणीची बस धरून निघालो. आक्कांनी रात्रीच काळ्या रेशमाचा एक नवा दोरा वळून ठेवला होता. बसमध्ये आम्ही भांडलो, हळू आवाजात.

"त्यांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"खरं हाय ते."

"आक्का, तो मेलेल्या बाईच्या गळ्यातला दोरा आहे. तान्ह्या पोराच्या पायात. घरात बाळंतीण आहे. सांगितलं तर घाबरतील सगळी. उद्या पोर नुसतं शिंकलं तरी आपलं नाव घेतील."

"मग फसवून आणायचा?"

"फसवून नाही. बदलून. नवा देऊ, जुना घेऊ. मळका होता, चुकून आला म्हणायचं. चुकून आलाच आहे की."

"व्हय," आक्का खिडकीकडं बघत म्हणाल्या, "शाळेत असलं पण शिकवत्यात काय?"

माझा राग आला होता त्यांना. आणि खरं सांगायचं तर मलाही माझा.

बोरगावात संदीप पाटलांची आई, आपण त्यांना आजीच म्हणू, दारातच उभ्या होत्या. जाडजूड, मोठ्या आवाजाच्या. आत कॉटवर त्यांची सून वैशाली आणि तिच्या मांडीवर ते बाळ. डाव्या पायात काळा दोरा आणि घोट्याच्या वर लाल गाठ. मी ती लांबूनच ओळखली. आजींनी चहा टाकला. मी नवा दोरा काढला.

"आजी, तो दोरा चुकून आला. मळका आहे. हा चांगला घ्या, आक्कांनी मुद्दाम वळलाय."

"आमचा काय वाईट हाय?"

"मळका आहे हो."

"मी धुतलाय की. साबणानं." आजींनी नवा दोरा हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "ह्यो बांधल्यापास्नं पोरगं रडायचं थांबलंय. आधी नुसतं किरकिर, किरकिर. गावातल्या चार बायका येऊन बघून गेल्या. गुणाचा दोरा कुणी सोडतंय व्हय?"

मी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"बाई, ह्यो दोरा एका बाईच्या गळ्यातला हाय. तुशीचा. ती बाई वारली. तिच्या लेकीनं तुशी गाठवायला धाडलेली, दोरा परत मागिटलेला. माझ्या सुनेकडनं तुमच्या डब्यात आला. ती लाल गाठ त्या बाईच्या हातची हाय."

वैशालीनं बाळाचा पाय पदराखाली ओढून घेतला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, सोडा आधी तो! कात्री आणा!"

"थांब गं. कात्री बित्री न्हाय." आजी पुढं झाल्या, कॉटवर बसल्या, बाळाचा पाय बाहेर काढून आपल्या हातात धरला. मग आक्कांना विचारलं, "किती वयाची हुती?"

"ऐंशी झाली असतील," मी म्हटलं. निरोपात ऐकलं होतं. "झोपेतच गेल्या."

"लेकरं?"

"एक मुलगी. मास्तरीण आहे. नातवंडं आहेत."

"शेवटापतूर गळ्यात तुशी हुती?"

"हो."

आजींनी वैशालीकडं बघितलं. "ऐकलंस? ऐंशी वर्सं. झोपेत. नातवंडं बघून. असल्या बाईच्या गळ्यातला दोरा वंगाळ कसा असंल? मी म्हनत हुते न्हवं, गुणाचा हाय म्हनून." वैशालीनं पदर जरा सैल केला.

मला वाटलं, संपलं. आता ह्या देत नाहीत. खरं सांगूनही दोरा तिथंच राहणार, आणि मी कऱ्हाडला फोन करून काय सांगणार?

आजींनी माझ्याकडं मान वळवली. "ती लेक रडली का तुझ्याशी बोलताना?"

"नाही. 'बरं, राहू दे' म्हणाल्या."

"म्हंजे लई रडली असणार."

त्यांनी बाळाच्या पायातली गाठ सोडायला घेतली. धुऊन धुऊन रेशीम आवळलं होतं. त्यांच्या जाड बोटांना काही ते सुटेना, आणि कापायचं तर नव्हतंच. आक्का उठल्या, पिशवीतून गाठी सोडवायची त्यांची बारीक पितळी सळई काढली आणि कॉटच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. दोन म्हाताऱ्या एका इवल्याशा घोट्यावर वाकल्या. बाळ मधेच लाथ मारायचं. "लाथा घाल, घाल," आजी म्हणत होत्या, "तुझ्याच पायातलं काढतोय न्हवं." आक्का नुसत्या "हं, हं, जरा धरा" एवढंच म्हणत होत्या. मी आणि वैशाली बघत होतो. गाठ सुटली तेव्हा तीही हसली.

आजींनी दोरा माझ्या हातावर ठेवला. "घेऊन जा. ह्याला आजी हाय. तिला आई न्हाय."

मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "हे आता काय काढलंस? त्यापेक्षा ह्याच्या पायात बांध नवा." नवा दोरा आक्कांनी बांधला, पटवेकऱ्याच्या गाठीनं, जी ओढली तर घट्ट होते पण रुतत नाही. आजींनी अट घातली, मधे लाल गाठ पाहिजे. आक्कांनी गोंड्याच्या लाल रेशमाचा धागा काढून तीही मारून दिली.

परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीपाशी बसल्या होत्या. संकेश्वर मागं पडल्यावर म्हणाल्या, "माझ्या बापानं हजार लोकास्नी दोरा परत दिला असंल. लांबी मोजायला देत्यात असंच मला वाटत हुतं." मी त्या दिवशी ठरवलं ते आजवर पाळलंय. गाठवायला आलेल्या प्रत्येक दागिन्याबरोबर जुना दोरा बटर पेपरात गुंडाळून, त्यावर नाव लिहून जातो. काही बायका लिहितात, हे काय पाठवलंय, नको होतं. चालेल. टाकायचा की ठेवायचा हे त्यांनी ठरवावं, ते ठरवणारी मी कोण?

मीनल मॅडमचा दोरा मात्र मी कुरियरनं पाठवला नाही. हात धजला नाही. त्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "रविवारी मी निपाणीपर्यंत येते." महामार्गावर निपाणी त्यांना बऱ्यापैकी मधे. मी सकाळची बस धरून निपाणी स्टँडवर जाऊन थांबले. इतकी वर्षं मी देशभर डबे पाठवले, पण गिऱ्हाईक असं समोर कधी उभं राहिलं नव्हतं. मी त्यांना ओळखलं ते तुशीवरून. गळ्यात घालून आल्या होत्या.

कागद उलगडून त्यांनी दोरा बोटांत धरला आणि सरकवत सरकवत लाल गाठीपर्यंत आणला. "हीच," म्हणाल्या. मग तो नाकापाशी नेला. मी दुसरीकडं तोंड करून बसच्या कन्नड पाट्या वाचत उभी राहिले. चिक्कोडी. संकेश्वर. इचलकरंजी. परत चिक्कोडी.

"साबणाचा वास येतोय," त्या मागून म्हणाल्या.

"आजींनी धुतला होता हो. मला माफ करा. मी निरोप पूर्ण ऐकला असता तर..."

"नाही, नाही." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम. "आईलासुद्धा कपड्यांचाच साबण लागायचा. अंगाचा साबण आम्ही आणून दिला तर ती पाहुण्यांसाठी ठेवायची." त्यांनी दोरा गुंडाळला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन लावली. मग विचारलं, "त्या बाळाचं नाव काय ठेवलं?"

"विचारायचंच राहिलं."

"मग विचारून येऊ की. किती लांब आहे?"

बोरगावची बस लागलेलीच होती. कंडक्टर आला. आम्हा कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट, म्हणून त्यानं सवयीनं "आधार तोरसरी" म्हणत दोघींची कार्डं मागितली. मॅडमचं कार्ड बघून मराठीत म्हणाला, "ह्यास्नी तिकीट पडतंय." मॅडम म्हणाल्या, "पडू दे की," आणि खिडकीपाशी बसल्या.

मी बोरगावला फोन लावला. "आजी, मी येतेय. आणि कऱ्हाडच्या मॅडमपण आहेत बरोबर. दोऱ्याच्या."

मागं बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. आजी त्याच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "या, या, जेवायलाच या! आणि तिला म्हणावं, तीन दिस झालं पोरगं रडतंय. धरायला एक माणूस पायजेच हाय."